राख, फॉस्फरस आणि घाटरस्ता : अंबडमधल्या एका फाउंड्रीचे प्रकरण

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने कमी राखेच्या मेटलर्जिकल कोकच्या (लॅम कोक, म्हणजे हवेविना कोळसा भाजून केलेले, धातू वितळवायचे इंधन) आयातीवर देशवार कोटा लावला. पहिल्या सहा महिन्यांसाठी एकूण सुमारे १४ लाख टन. राख १८ टक्क्यांपेक्षा कमी असलेला कोक या मर्यादेत येत होता. जूनअखेरीस ही मुदत आणखी सहा महिन्यांनी वाढली. पोलाद कारखान्यांसाठी हा धोरणाचा विषय होता. महिन्याला तीन ट्रक कोक घेणाऱ्या नाशिकच्या फाउंड्रीसाठी, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी मात्र उद्या भट्टी पेटवायची कशावर, असा रोखठोक प्रश्न होता. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या अशाच एका कारखान्याने त्या वर्षी काय केले, याची ही नोंद आहे. ओळख लपवण्यासाठी उत्पादने थोडी बदलली आहेत, भाव आणि वजने गोल केली आहेत. हिशेबाची पद्धत आणि त्यामागचे रसायन जसेच्या तसे आहे.

पार्श्वभूमी

कारखान्यात वितळवण्याच्या दोन सोयी आहेत. पहिली २८ इंच आतील व्यासाची डिव्हायडेड ब्लास्ट क्युपोला, म्हणजे दोन थरांतून हवा फुंकली जाणारी, कोकवर चालणारी उभी भट्टी. तिच्यातून तासाला साधारण तीन टन बीड (ओतीव लोखंड) उतरते. दिवसाला आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर ६०० टन. त्यातून विजेच्या मोटारींच्या पंखेदार बॉड्या, पंपांचे भाग आणि जाड काउंटरवेट ओतले जातात. दुसरी सोय म्हणजे विजेवरची छोटी इंडक्शन भट्टी. तिच्यावर एसजी आयर्न, म्हणजे गोलाकार ग्रॅफाइटचे चिवट बीड होते, महिन्याला दीडशे टनांच्या आसपास.

क्युपोलाचे कोक-धातू प्रमाण १:८ होते, म्हणजे टनामागे १२५ किलो. रोज पेटवणीच्या बेडला (भट्टीच्या तळाच्या कोकच्या थराला) साडेतीनशे ते चारशे किलो वेगळे. महिन्याची गरज ८४ टन. हा कोक पूर्वी आयात केलेला असे : राख १२ टक्के, स्थिर कार्बन ८६ टक्के, आकार ८० ते १२० मिमी. कारखाना स्वतः आयात करत नव्हता. बंदरावरून माल उतरवून घेणारा व्यापारी भिवंडीच्या डेपोत साठवायचा आणि तिथून कसारा घाटाने ट्रक वर यायचे.

रेल्वेने का नाही, हा प्रश्न बाहेरचे लोक हमखास विचारतात. एका पूर्ण मालगाडीत अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी असतात आणि त्यात पावणेचार-चार हजार टन माल मावतो. या फाउंड्रीला तो चार वर्षे पुरला असता. नाशिकमध्ये गाडीभर कोळसा उतरवणारा मोठा ग्राहक एकच, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि स्वतःची सायडिंग आहे.

एकलहऱ्याचे उदाहरण इथे कामाचे आहे, कारण एकाच शहरात आयात कोळशाची मागणी दोन अगदी वेगळ्या कारणांनी कशी उभी राहते ते त्यातून दिसते. बॉयलर तीस-चाळीस टक्के राखेच्या भारतीय कोळशासाठीच बांधलेले असतात. राख त्यांना नकोशी असते, पण चालते. त्यांना आयात कोळसा लागतो तो खाणीतून किंवा रुळांवरून माल वेळेत येत नाही तेव्हा. २०२२ च्या उन्हाळ्यात तेच झाले : कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द झाल्या आणि केंद्राने वीज कंपन्यांना दहा टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितले. ती अडचण वाहतुकीची होती. वाघिणी आणि मार्ग वाढवले की ती कमी होते.

क्युपोलाचे तसे नाही. तिथे कोक इंधन असतो, वरचा भार पेलणारा आधार असतो आणि कार्बन देणाराही असतो. कोकिंग कोळशाचा आपला मुख्य साठा झरिया परिसरात आहे. गोंडवाना काळातल्या या कोळशात माती-खनिजे इतकी बारीक मिसळलेली आहेत की धुऊनही राख सतरा-अठरा टक्क्यांच्या खाली सहसा जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडचा चांगला कोकिंग कोळसा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. कोळशाचा कोक होताना वायू निघून जातात, राख मागे उरते आणि तिचे प्रमाण आणखी चढते. म्हणून कोळशाचे एवढे मोठे साठे असूनही देशाला लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा फार मोठा भाग बाहेरून येतो. झरिया-धनबादची गाडी उद्या निम्म्या वेळात नाशिकला पोचली, तरी तिच्यातली राख कमी होणार नाही.

अडचण

फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यापाऱ्याने दोन गोष्टी कळवल्या. फाउंड्री आकाराचा आयात कोक यापुढे ठरावीक तारखेला मिळेलच असे नाही. मिळाला तर भाव टनाला ३८,००० वरून ४१,००० रुपयांच्या पुढे जाईल. त्या वेळी कारखान्याच्या आवारात बावीस दिवसांचा कोक होता.

नेमक्या त्याच महिन्यात एसजी विभागावर वेगळे संकट आले. एका ग्राहकाने ४००/१५ ग्रेडच्या (तुटण्याआधी किमान १५ टक्के लांबणाऱ्या धातूच्या) एका भागासाठी कमी तापमानातल्या आघात चाचणीची अट घातली. त्यासाठी फॉस्फरस ०.०४ टक्क्यांच्या आत आणि मँगनीज ०.२० च्या जवळ ठेवणे आले. गोवा आणि कोप्पळ-होस्पेट पट्ट्यातून येणाऱ्या साध्या फाउंड्री ग्रेड पिगमध्ये (खनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये केलेल्या कच्च्या लोखंडात) फॉस्फरस ०.१२ टक्के होता. कारखान्याने तात्पुरते कॅनडातून आलेले उच्च शुद्धतेचे पिग आयर्न चार्जच्या (भट्टीत भरायच्या मालाच्या) २५ टक्के वापरायला सुरुवात केली. ते कंटेनरने न्हावा-शेवाला उतरते आणि दोन दिवसांत अंबडला येते, त्यामुळे रस्त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मागणी नोंदवल्यापासून आठ ते दहा आठवडे लागण्याची, कंटेनरभर माल एकदम घेण्याची आणि किमतीची.

पिगमधला फॉस्फरस कुठून येतो, ते इथेच सांगायला हवे. ब्लास्ट फर्नेसमध्ये फॉस्फरस काढता येत नाही. खनिजातून आणि कोकच्या राखेतून आलेला जवळजवळ सगळा फॉस्फरस धातूत उतरतो. साठ टक्के लोह असलेले खनिज टनभर पिगसाठी सुमारे १.६ टन लागते. त्यात ०.०६ टक्के फॉस्फरस असेल, तर नुसत्या खनिजातूनच पिगमध्ये ०.०९ ते ०.१० टक्के येतो. वर कोकची राख आपली भर घालते. म्हणजे पिगचा ग्रेड खाणीवरच बऱ्याच अंशी ठरून जातो. भारतीय हेमेटाइटात अॅल्युमिनाही जास्त असतो. त्याने स्लॅग (वितळलेली मळी) घट्ट होतो आणि तो वाहता ठेवायला कोक जास्त जाळावा लागतो. लोखंडाचे खनिज हलक्या प्रतीचे असले की आयात कोळशाची मागणीही वाढते, हा धागा खरेदी विभागाच्या तक्त्यात सहसा दिसत नाही, कारण तिथे कोक आणि पिग या दोन वेगळ्या फायली असतात.

कोकसाठी कोणते पर्याय होते

पहिला पर्याय धनबादचा हार्ड कोक. राख २८ टक्के, पण गंधक कमी, ही त्याची जमेची बाजू. धनबाद ते नाशिक अंतर रस्त्याने सुमारे १,६०० किलोमीटर. समृद्धी महामार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाल्यापासून नागपूर-सिन्नर टप्पा ट्रकवाल्यांना बराच सोपा झाला होता आणि भाड्याचे कोटेशनही अपेक्षेपेक्षा कमी आले. पोहोच भाव टनाला २३,००० रुपये. मालकांना हा पर्याय फार आवडला, आणि कागदावर त्यात वावगे काही नव्हते. पंधरा हजारांचा फरक होता.

मेल्टिंग सुपरवायझरने मात्र टनाच्या भावावर न थांबता हिशेब पुढे नेला. १२५ किलो लॅम कोकमधून १०७ किलो कार्बन मिळतो. तेवढ्याच कार्बनसाठी धनबादचा कोक १५३ किलो लागेल. शिवाय जास्तीची राख वितळवायला उष्णता लागते, म्हणून प्रत्यक्षात १७५ किलो धरले. आता खर्च असा :

लॅम कोक : ०.१२५ × ३८,००० = ४,७५० रुपये प्रति टन धातू.
धनबाद कोक : ०.१७५ × २३,००० = ४,०२५ रुपये.

टनावर पंधरा हजारांचा दिसणारा फरक वितळलेल्या धातूवर ७२५ रुपयांवर आला. त्यातून पुढचे वजा करायचे. राख १५ किलोवरून ४९ किलोवर गेली, म्हणजे चुनखडी तीस-पस्तीस किलो जास्त, वर स्लॅग काढण्याची मजुरी आणि तो टाकण्याचा खर्च. हे साधारण शंभर-सव्वाशे रुपये. खरी गोम तापमानात होती. टॅपिंग तापमान (भट्टीतून धातू काढतानाचे) उतरले की पंखेदार बॉडीच्या चार-पाच मिलिमीटरच्या पात्यांत धातू पोचण्याआधीच गोठतो आणि कोल्ड शट, म्हणजे न जुळलेल्या धातूची भेग येते. टनभर धातूतून ७०० किलो कास्टिंग मिळते. रिजेक्शन चार टक्क्यांनी वाढले तर २८ किलो माल परत भट्टीत जातो. धातू परत मिळतो, पण साचा, कोअर, मजुरी आणि वीज बुडते. किलोला ३० रुपयांनी ते ८४० रुपये होतात. बचत तिथेच संपली.

वाहतुकीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. तीस टनांच्या धनबादच्या ट्रकमध्ये ८.४ टन राख असते. म्हणजे सोळाशे किलोमीटर भाडे भरून आणायची, पैसे देऊन वितळवायची आणि पुन्हा पैसे देऊन टाकायची अशी ती राख.

दुसरा पर्याय कच्छच्या किनाऱ्यावरच्या कोक ओव्हनचा माल. मर्यादा तयार कोकवर होती, कोकिंग कोळशावर नव्हती. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा कोळसा आणून इथे भाजलेला कोक मोकळेपणी विकता येत होता. बिलावर तो देशी, पण आतला कार्बन परदेशीच. राख १२.५ ते १३ टक्के. अडचण आकाराची होती : हे ओव्हन मुख्यतः ब्लास्ट फर्नेससाठी २५ ते ८० मिमीचा माल काढतात आणि ८० च्या वरचा थोडाच निघतो. २८ इंची क्युपोलात बारीक कोक टाकला, तर हवेचा दाब चढतो. शिवाय पृष्ठभाग वाढल्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा पुन्हा कार्बन मोनॉक्साइड होतो. ही क्रिया उष्णता खाते, म्हणजे कोक जास्त जळूनही धातू थंडच उतरतो.

तिसरा पर्याय क्युपोला बंद करून सगळे इंडक्शनवर नेण्याचा. तासाला तीन टन बीड वितळवायचे आणि टनाला ६०० युनिट धरायचे, म्हणजे किमान १,८०० किलोवॅटची नवी भट्टी, त्यासाठी वाढीव मंजूर भार, ट्रान्सफॉर्मर आणि बहुधा नवा फीडर (उपकेंद्रापासूनची वीजवाहिनी). नऊ महिने ते वर्ष. बावीस दिवसांच्या साठ्यावर हा निर्णय घेता येण्यासारखा नव्हता. यात एक गंमत मात्र आहे. राज्याची वीज मुख्यतः कोळशावरच बनते. युनिटला ०.७ किलो कोळसा धरला, तर टनभर बिडामागे विदर्भातला किंवा छत्तीसगडचा सव्वाचारशे किलो कोळसा जळेल आणि त्याच्या बदल्यात सव्वाशे किलो आयात कोक वाचेल. देशाच्या आयातीच्या दृष्टीने हा खरा पर्याय आहे. राखेचा कोळसा राख चालणाऱ्या भट्टीत जातो आणि उष्णता तारेने अंबडला येते. पण ती सोय वितरण कंपनीच्या फीडरवर अवलंबून आहे, खाणीवर नाही.

पिगसाठी कोणते पर्याय होते

इथे हिशेब आणखी बारीक आहे आणि पुष्कळ फाउंड्र्या नेमक्या इथेच चुकतात. चार्जमधले ४० टक्के घरचे रिटर्न असतात : रनर आणि रायझर (साच्याच्या वाटांत उरलेला धातू), नापास माल. रिटर्नचा फॉस्फरस म्हणजे आपल्याच मालाचा फॉस्फरस. तो दर फेरीला परत येतो. त्यामुळे एका हीटचे (भट्टीच्या एका खेपेचे) रसायन पाहून निष्कर्ष काढता येत नाही. काही आठवड्यांनी तो कुठे स्थिरावेल ते पाहायला हवे. बाहेरून येणाऱ्या मालाने आणलेला फॉस्फरस ०.६० ने भागला की तो आकडा मिळतो.

साधे देशी पिग २५ टक्के आणि सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी पत्र्याचे) भंगार ३५ टक्के घेतले, तर (०.२५ × ०.१२ + ०.३५ × ०.०२) ÷ ०.६० = ०.०६२. नापास. त्याच जागी ०.०३ चे आयात पिग घेतले, तर ०.०२४. उत्तम, पण महाग. देशी एसजी ग्रेड पिग ०.०५ चे मिळाले, तर ०.०३३. हेही चालते, मात्र त्या महिन्यांत त्याचा नियमित पुरवठा ठरत नव्हता. मग साधेच देशी पिग १० टक्क्यांवर आणून सीआरसीए ५० टक्के केले, तर ०.०३७. पास.

आणि सीआरसीए हा नाशिकचा घरचा माल आहे. सातपूर, अंबड, गोंदे पट्ट्यातल्या वाहनांच्या प्रेसशॉपमधून पत्र्याच्या कात्रणांचे गठ्ठे रोज निघतात. त्यांची वाहतूक दहा-वीस किलोमीटरची. म्हणजे कॅनडाच्या पिगला पर्याय बेल्लारीच्या खाणीत शोधण्याऐवजी शेजारच्या शेडमध्ये होता.

फुकटात मात्र काही मिळत नाही. या पोलादात कार्बन अगदी कमी असतो. कार्बन रेझर (वरून घालायचा कार्बन) टनाला १३ किलोवरून २० किलोवर न्यावा लागतो, तोही कमी नायट्रोजनचा, नाहीतर कास्टिंगमध्ये सुईसारखी छिद्रे येतात. सिलिकॉनही वेगळा भरावा लागतो. पिग कमी झाल्याने धातूतली केंद्रके कमी होतात, म्हणून सिलिकॉन कार्बाइड घालून धातू सावरावा लागतो. तो नसला की पातळ भागात ठिसूळ कार्बाइड आणि जाड भागात श्रिंकेज (धातू आकसल्याची पोकळी) येते.

निर्णय आणि कृती

मार्चमध्ये कोकचा निर्णय झाला. मुख्य पुरवठा कच्छच्या ओव्हनमधून, भिवंडीचा डेपो वगळून थेट अंबडला. डेपो वगळण्याचे कारण भाड्यापेक्षा फुटीचे होते. कोक जितक्या वेळा वरून खाली पडतो तितका फुटतो. डेपोमुळे उतरवणे आणि पुन्हा भरणे असे दोन प्रसंग वाढत होते. अंतर नऊशे किलोमीटरच्या घरात. ट्रक सुरतमार्गे सापुतारा घाटाने किंवा वापीहून पेठ रस्त्याने येणार होते. महिन्यात तीन ट्रक, ठरलेल्या आठवड्यांत. आवारात ७५ मिमी फटीची लोखंडी जाळी उतरती बसवली. ट्रक त्यावर हळू रिकामा करायचा, वरचा माल बेड आणि चार्जसाठी, खालचा वेगळा. थेट वाहतुकीने ७५ च्या खालचा माल १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. तो वीटभट्टीवाल्यांना विकला जातो.

धनबादचा पर्याय पूर्ण सोडला नाही. एक ट्रक आणून २५ टक्के मिश्रणाची चाचणी घेतली. बेड मात्र पूर्ण चांगल्या कोकचाच ठेवला, कारण तापमानाचा पाया बेडवर ठरतो. टॅपिंग १,४८० अंशांवरून १,४३५ वर उतरले. मोटार बॉडीचे रिजेक्शन पाचवरून अकरा टक्क्यांवर गेले. काउंटरवेटमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही. शंभर मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्याला पंचेचाळीस अंश कमी-जास्त कळतही नाहीत.

इथे सुपरवायझरने जे सुचवले ते या प्रकरणातले सर्वांत उपयोगी पाऊल वाटते. कोक बदलण्याऐवजी त्याने वेळापत्रक बदलले. जाड माल महिन्यात विखुरलेला होता, तो सलग आठ दिवसांत आणला. त्या आठ दिवशी मिश्रण, उरलेल्या सतरा दिवशी पूर्ण लॅम. नियोजन विभागाची कुरकुर झाली, कारण काउंटरवेटचा साठा वाढला आणि पैसे अडकले. तरी ते टिकले.

एसजीसाठी एप्रिलपासून १०-५०-४० चा चार्ज सुरू झाला. आयात पिगचा एक कंटेनर राखीव ठेवला, हीट बिघडली तर पातळ करायला.

काय बिघडले

मेच्या अखेरीस दोन एसजी हीटमध्ये लांबणी १५ टक्क्यांच्या खाली आली. सूक्ष्मरचनेत परलाइट हा कडक घटक तीस टक्क्यांच्या वर. मँगनीज ०.३८. फॉस्फरस ठीकच होता, त्यामुळे पहिला दिवस चुकीच्या दिशेने तपास करण्यात गेला. शेवटी गठ्ठे फोडून पाहिले तेव्हा आत उच्च ताकदीच्या पत्र्याची कात्रणे सापडली. गाड्यांच्या काही भागांना हा पत्रा वापरतात आणि त्यात मँगनीज एक टक्क्याच्या वरही असतो. बाहेरून गठ्ठा तसाच चकचकीत दिसतो. माल फेकावा लागला नाही. ९०० अंशांवर तापवून सावकाश थंड करून मऊ फेराइट वाढवला, पण त्या हीट ट्रीटमेंटने महिन्याची बचत खाल्ली. त्यानंतर प्रेसशॉपशी नवी अट झाली : फक्त खोल ओढीच्या पत्र्याची कात्रणे वेगळ्या पेटीत, गठ्ठा तिथेच बांधायचा. दर ट्रकमधून एक गठ्ठा वितळवून स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायचा. मँगनीज ०.१८ चे कात्रण आले की स्थिर आकडा ०.२० ला बसतो.

जुलैमध्ये क्युपोला थंड चालू लागली. पहिला संशय अर्थातच नव्या कोकवर गेला. ओव्हनवाल्याला फोन झाले, वाद झाले. त्याच्या प्रमाणपत्रात राख १२.८ आणि ती खरीच होती. दोष पाण्याचा होता. सापुताऱ्याच्या पावसात ताडपत्री फाटलेल्या ट्रकमधून आलेल्या कोकमध्ये ओल ९ टक्के निघाली. २८ टनांच्या ट्रकमध्ये अडीच टन पाणी, म्हणजे ४१,००० च्या भावाने लाखभर रुपयांचे. त्याहून वाईट म्हणजे चार्ज वजनावर भरला जातो. १२५ किलो ओला कोक टाकला की कोरडा कोक पडतो ११४ किलो, आणि वरून ते पाणी वाफ करायला उष्णता जाते. पावसाळ्यातल्या थंड धातूची तक्रार नाशिकमध्ये दरवर्षी होते आणि दरवर्षी ती कोकच्या दर्जावर ढकलली जाते.

उपाय साधे निघाले. कोक उतरवायच्या जागेवर पत्र्याची शेड. प्रत्येक ट्रकचा पंधरा किलोचा नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून ओल काढायची आणि फळ्यावर लिहायची. चार्जवाल्याने त्या आकड्याप्रमाणे वजन वाढवायचे. खरेदी करारात वजन कोरड्या आधारावर धरायचे, तीन टक्क्यांपर्यंतची ओल पुरवठादाराला माफ.

निकाल

ऑक्टोबरअखेरचे चित्र असे होते. महिन्याच्या ८४ टन कोकपैकी धनबादचा वाटा सहा-सात टनांवर स्थिरावला. बाकी सगळा कोक कच्छचा, म्हणजे परदेशी कोळशाचा. कोकवरचा खर्च टनभर धातूमागे पावणेचारशे रुपयांनी वाढला. तो सगळा ग्राहकांकडून वसूल झाला नाही. मोटार बॉडीचे रिजेक्शन पुन्हा पाच टक्क्यांच्या आसपास आले. एसजीमध्ये आयात पिग २५ टक्क्यांवरून जवळपास शून्यावर गेले आणि आघात चाचण्या पास होत राहिल्या.

एकाच कारखान्यात एकाच वर्षी एका मालाची आयात संपली आणि दुसऱ्याची फक्त रूप बदलून चालू राहिली. लोखंडाला पर्याय होता, कारण शुद्ध पोलाद कात्रणांच्या रूपाने गावातच फिरत होते. ते गोळा करण्याची, वेगळे ठेवण्याची आणि तपासण्याची व्यवस्था तेवढी उभी करायची होती. कोकला तसा पर्याय नव्हता. कोट्यामुळे कोक भाजण्याचे काम आणि त्यातला नफा देशात आला असेल, पण क्वीन्सलँडच्या कोळशाची गरज या कारखान्यापुरती तरी फारशी घटली म्हणता येत नाही. समृद्धीने धनबाद जवळ आणले आणि त्याचा फायदा काउंटरवेटपुरताच झाला. वाढवण बंदराचीही नाशिकमध्ये चर्चा असते. तिथल्या आराखड्यात नऊ कंटेनर टर्मिनल आहेत. कंटेनरने येणाऱ्या पिगला ते जवळ पडेल. सुट्या कोकचे गणित त्याने कितपत बदलेल, हे तिथल्या बहुउद्देशीय धक्क्यांवर काय उतरवू देतात त्यावर ठरेल.

वेगळे काय करता आले असते

कोट्याची शिफारस २०२४ मध्येच सार्वजनिक झाली होती. खरेदी विभागाने ती वाचली नव्हती. डिसेंबरमध्ये जुन्या भावाने दीड महिन्याचा जादा साठा घेतला असता, तर चाचण्या घाईत कराव्या लागल्या नसत्या. पण साठवायला शेड नव्हती. उघड्यावरचा साठा पावसाळ्यापर्यंत चालला असता, पुढे नाही. म्हणजे आधी शेड, मग साठा, हा क्रम हवा होता. दोन-तीन ओल्या ट्रकमध्ये जेवढे पैसे पाण्यात जातात, तेवढाच शेडचा खर्च होता.

धनबादचा पूर्ण ट्रक चाचणीसाठी आणण्याची गरज नव्हती. मिश्रण केलेला तीन-चार टनांचा नमुना आसपासच्या एखाद्या फाउंड्रीबरोबर वाटून घेता आला असता. चाचणीनंतर उरलेला माल मिश्रणात सावकाश खपवावा लागला.

गठ्ठ्यांची अट आधी आणि चार्ज नंतर बदलायला हवा होता. चार्जमधला भंगाराचा वाटा पस्तीसवरून पन्नासवर नेताना भंगाराच्या तपासणीची पद्धत मात्र पस्तीसच्या काळातलीच राहिली.

इंडक्शनचा निर्णय अजून झालेला नाही, आणि त्यावर कारखान्यात दोन मते आहेत. सुपरवायझरच्या मते क्युपोला ठेवून तिच्याखाली एक लहान होल्डिंग भट्टी जोडावी. क्युपोलाने वितळवायचे आणि शेवटचे चाळीस-पन्नास अंश विजेने चढवायचे. टनाला पन्नास-साठ युनिटांत काम होईल, वाढीव भार थोडाच लागेल आणि मिश्रणात धनबादचा वाटा पातळ मालाच्या दिवशीही वाढवता येईल. मालकांना एकदाच काय ते पूर्ण इंडक्शन हवे आहे. भारवाढीचा अर्ज दोन्ही आकड्यांसाठी तयार करून ठेवला आहे आणि फीडरवर किती जागा आहे याचे उत्तर आल्यावर त्यातला एक दाखल होईल.